फक्त अर्धा आटा

टीव्हीवर फॉर्म्युला वनची शर्यत लागली की सगळे पहिल्या तीन गाड्यांकडे बघतात. हा बघत नाही. याचं लक्ष पिटमध्ये गुडघ्यावर बसलेल्या, आपल्याकडे पाठ केलेल्या माणसाकडे. कोण जिंकलं हे दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं तरी याचं काही अडत नाही; पण त्या पाठमोऱ्या माणसाने पुढच्या पंखाचा स्क्रू किती फिरवला हे दिसायच्या आत कॅमेरा हलला, तर हा टीव्हीवर खेकसतो.

अशा माणसाला मी सेटिंगवाला म्हणतो. कोल्हापूर, पुणे, कोइमतूर या बाजूला ही जमात भरपूर. आमच्या नंदुरबारकडच्या धानोऱ्यात एकच आहे, आणि गावाला तेवढा पुरतो. आमच्या शेजारच्या जिभाऊंचा धाकटा. पुण्यात मेकॅनिकल शिकला, चाकणला नोकरी केली, कोरोनात घरी आला आणि राहिला. आता ठिबकची आणि ट्रॅक्टरची कामं करतो, असं लोकांना सांगायचं. खरं काम मागच्या शेडमध्ये. तिथे ताडपत्रीखाली एक गाडी आहे: चारही चाकं अंगाबाहेर, मध्ये पाइपांचा सांगाडा, बसायला एकच जागा आणि तीही निजल्यासारखी. छोट्या हत्तीवरून ती गावात उतरली तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी फवारणीचं नवीन यंत्र म्हणून तिला पाहून घेतलं.

ही गाडी कॉलेजची. इंजिनिअरिंगच्या पोरांनी एकट्यापुरती शर्यतगाडी स्वतः बांधायची आणि स्वतःच पळवायची, ही स्पर्धा १९८१ साली अमेरिकेत सुरू झाली. आपल्याकडे कोइमतूरजवळच्या करी स्पीडवेवर जानेवारीत 'फॉर्म्युला भारत' होते, तो तिचाच प्रकार. इंजिन ७१० सीसीच्या वर चालत नाही, आणि पेट्रोलच्या इंजिनाने घ्यायची सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून घ्यायची. एक रुपयाच्या नाण्याएवढं भोक! या भोकावर आमचा सेटिंगवाला तासभर बोलू शकतो. बोललाही आहे, एका बारशात. स्पर्धा झाली, पोरांनी इंजिन काढून पुढच्या वर्षीच्या गाडीला लावलं आणि सांगाडा भंगारात निघाला. याने तो घेतला, केटीएम ३९०चं जुनं इंजिन मिळवलं आणि शेडला कडी घातली.

त्यानंतर ती गाडी तयार होतेच आहे.

'झाली का गाडी?' असं त्याला विचारू नये. 'झालीच. फक्त अर्धा आटा,' असं उत्तर येतं. कसला आटा, कुठला आटा, हे विचारलं तर आपली संध्याकाळ गेली. कारण या गाडीत सगळंच आट्यांवर आहे. स्प्रिंगखालची चकती आट्यावर, पुशरॉड आट्यावर, स्टिअरिंगचा दांडा आट्यावर. अर्धा आटा फिरवला की गाडीची उंची बदलते. उंची बदलली की चाकाचा तिरपेपणा, म्हणजे कॅम्बर, बदलतो. कॅम्बर बदलला की चाकाचं तोंड आत-बाहेर होतं, तो टो. टो नीट केला की याला शंका येते की मघाची उंची बरोबर होती का. मग पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला यात अडचण दिसते, त्याला यात आयुष्य दिसतं.

त्याची हत्यारं बघण्यासारखी आहेत. मोठ्या संघांकडे लेझरची यंत्रं असतात, याच्याकडे गवंड्याची पिशवी: ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि मासे पकडायची नायलॉनची दोरी. गाडीच्या दोन्ही अंगांना चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोरी ताणायची, दोन्हीकडे अंतर सारखं ठेवायचं, आणि रिमची पुढची कड दोरीपासून किती, मागची किती, हे स्टीलच्या पट्टीने मोजायचं. फरक निघाला तो टो. ओळंबा चाकापाशी सोडला की वरचं आणि खालचं अंतर मोजून कॅम्बर. दहा इंची रिमवर एक अंश म्हणजे साधारण साडेचार मिलिमीटर. दोरी ताणलेली असताना शेडमध्ये कुणी शिंकलं तरी तो मान वर करून बघतो. आता नंदुरबार म्हणजे मिरचीचा मुलूख. हिवाळ्यात पथारींवर लाल मिरची पसरली की वाऱ्यालाही ठसका लागतो. अशा गावात न शिंकणारा मदतनीस मिळायचा कुठून? एकदा त्याने एअर फिल्टर काढून झटकला, तर पार समोरच्या ओट्यापर्यंत माणसं शिंकली.

प्रत्येक आट्यानंतर गाडी थोडी मागे, थोडी पुढे ढकलायची असते, म्हणजे सस्पेन्शन 'बसतं'. हे काम गल्लीतल्या पोरांचं. मजुरी एक कुल्फी. उन्हाळ्याच्या सुट्टीत या गाडीपायी कुल्फीवाल्याचा धंदा उभा राहिला. गाडी मात्र शेडच्या दाराबाहेर गेली नव्हती.

पण खरा सोहळा वजनाचा. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे, माणूस उभा राहून वजन करतो ते. खालच्या फरश्या आधी लेव्हलच्या नळीने एका पातळीत आणायच्या, त्यातच सकाळ जाते. यामागचं गणित त्याने मला खाटेवरून समजावलं: खाटेच्या एका पायाखाली चिपटी घातली की भार त्या पायावर आणि तिरक्या समोरच्या पायावर जातो, उरलेले दोन हलके होतात. गाडीचंही तसंच. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून बरोबर निम्मं वजन आलं पाहिजे, नाहीतर गाडी डावीकडे एक वळते, उजवीकडे दुसरीच. आणि हे मोजताना चालवणारा आत बसलेला हवा.

चालवणारा कुठून आणणार? हा स्वतः आत बसला तर काटे वाचणार कोण, आणि अर्धा आटा फिरवणार कोण? सिमेंटची गोणी ठेवून पाहिली, ती निजल्यासारखी बसेना. शेवटी त्याची नजर आजीवर गेली. आजीचं वजन आणि कॉलेजातल्या त्यांच्या ड्रायव्हरचं वजन तंतोतंत सारखं निघालं.

आजी नऊवारी सावरत, दोन सुनांच्या खांद्यांचा आधार घेत त्या सांगाड्यात उतरली ते दृश्य मी ओट्यावरून पाहिलं. पाय पुढे लांब, डोकं मागे टेकलेलं, छातीवर पट्टे. 'आजी, आता हलू नको.' आजी हलली नाही. काट्यांवर आकडे स्थिरावले, तो वाकून वहीत लिहायला लागला. तेवढ्यात आजीचा हात मिश्रीच्या डबीसाठी कमरेला गेला.

'आजी! दीड किलो डावीकडे गेले!'

'मंग जाऊ दे की रे. कुठं जातील? घरातच शेत.'

त्याने उजव्या बाजूला अर्धा आटा दिला. मग डाव्या बाजूला. मग पोरांना बोलावून गाडी मागेपुढे, आजीसकट. मग पुन्हा काटे. 'उतरू का रे आते?' असं आजी विचारत राहिली आणि तो 'दोनच मिनिटं' म्हणत राहिला. स्पर्धेचा नियम असा, की ड्रायव्हरला पाच सेकंदांत गाडीबाहेर पडता आलं पाहिजे. आजीला बाहेर काढेपर्यंत गाई घरी आल्या होत्या. पण वहीत आजही त्या पानावर चालकाच्या रकान्यात 'आजी' असं लिहिलेलं आहे, आणि तिरक्या वजनासमोर ५०.१ टक्के. खाली लाल शाईत: 'मिश्री आधी देणे.'

ही वही म्हणजे जाड पुठ्ठ्याची, जमाखर्चाची. जिभाऊ कापसाचा हिशेब डोक्यात ठेवतात, मुलगा टायरची हवा वहीत. सकाळची हवा, दुपारची हवा, सावलीतली, उन्हातली. टायर दहा अंशांनी तापला की साधारण एक पीएसआय वाढतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात ताडपत्रीखालीच शर्यतीएवढे टायर तापतात. टायरला हात लावणं हा त्याचा नमस्कार. दुसऱ्याच्या दारात गेला की चप्पल काढायच्या आधी अंगणातल्या मोटरसायकलीचा टायर चाचपतो. स्टँडवरच्या काळी-पिवळीचं पुढचं चाक आतून घासलेलं पाहून त्याने ड्रायव्हरला गंभीरपणे सांगितलं, 'काका, टो बाहेर गेलाय.' काकांनी घाबरून पॅसेंजर मोजले.

नट आवळला की त्यावर रंगाची रेघ मारायची, म्हणजे ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. ही पद्धत मोठ्या शर्यतींतही आहे. फरक एवढाच, की याची रेघ बहिणीच्या नेलपॉलिशची. बहीण दिवाळीला माहेरी आली आणि गुलाबी बाटली रिकामी पाहून पुढचे दोन दिवस बोलली नाही. जाताना मात्र शेडमध्ये वाकून बघून गेली. 'मागच्या डाव्या चाकाला नाही लावलंस,' एवढंच म्हणाली. खरंच राहिलं होतं.

त्याचा मूलमंत्र 'एका वेळी एकच बदल'. हवा आणि कॅम्बर एकदम बदलले तर फरक कशाने पडला हे कळणार कसं? शास्त्र बरोबर आहे. पण हेच शास्त्र तो शेवभाजीला लावायला गेला. आईला म्हणाला, 'तिखट कमी कर, पण आज फक्त तिखट, मीठ उद्या बघू.' आईने त्याच्या ताटाखाली वजनकाटा आणून ठेवला आणि विचारलं, 'किती वाढू?'

करिवर्धन हे त्याचं दैवत. कोइमतूरच्या या माणसाने मारुती ८००चं इंजिन लावून एका माणसाची स्वस्त शर्यतगाडी तयार केली. तीच फॉर्म्युला मारुती. नारायण कार्तिकेयनची सुरुवात तिच्यावर झाली, आणि २००५ साली तो फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय झाला. १९९५मध्ये विमान अपघातात करिवर्धन गेले. करी स्पीडवेला नाव आहे ते त्यांचंच. शेडमध्ये गणपतीशेजारी त्यांचा फोटो आहे. कार्तिकेयनचा नाही. चालवणारे काय, पुष्कळ मिळतात, असा त्याचा एकूण सूर.

आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. आपल्याकडच्या एलजीबी फॉर्म्युला शर्यतींत सगळ्यांच्या गाड्या सारख्या आणि इंजिनंही सारखीच, मारुतीची. मग एक पुढे आणि एक मागे का? ड्रायव्हर म्हणतो, माझ्यामुळे. ड्रायव्हर बक्षीस घ्यायला गेला की मागे कुणीतरी पान्याची पेटी आवरत हसत असतो, तो आमच्या याच्या जमातीचा.

गाडी एकदा चालली. चालली म्हणजे खरोखर. तिच्या पोटाखाली जेमतेम दोन बोटं जागा, त्यामुळे गावचा स्पीडब्रेकर तिला सह्याद्री. चौघांनी उचलून छोट्या हत्तीवर चढवली आणि कापसाचा हंगाम सरल्यावर एका जिनिंगच्या सिमेंटच्या आवारात नेली. तिथे त्याने खुंटी, दोरी आणि फक्की घेऊन दोन गोल आखले, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे. आतला व्यास १५.२५ मीटर, रस्ता तीन मीटर रुंद, स्पर्धेत असतो तसाच. वॉचमन कबड्डीचं मैदान समजून पोरांना बोलावून बसला. चालवायला एक पुतण्या धरून आणला होता. गाडी ओरडली, उजव्या गोलात दोनदा फिरली, डाव्या गोलात दोनदा फिरली. आम्ही टाळ्या वाजवल्या. बघणारे भारावले होते, पुतण्या तर घामाने आणि आनंदाने निथळत होता.

हा गुडघ्यावर बसून टायरवर हात फिरवत होता. आतली कड, मधला भाग, बाहेरची कड. 'आतून जास्त तापलाय,' म्हणाला. 'कॅम्बर जास्त झाला.' आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते टाळ्यांनी आलेलं नव्हतं. गाडी बिनचूक निघाली असती तर त्याचं काय झालं असतं, या कल्पनेने मला तेव्हा जरा धास्तीच वाटली. पुतण्या म्हणाला, 'काका, अजून एक चक्कर?' तोवर पुढचं चाक निघालं होतं.

मधे त्याला मुलगी दाखवायला शहाद्याकडचे पाहुणे आले. खरं तर मुलाला बघायला आले होते. घरच्यांनी शेडला कुलूप लावलं, किल्ली जिभाऊंनी बंडीच्या खिशात ठेवली, ओळंबा-बिळंबा सगळं नजरेआड. मुलगा धुतलेल्या हातांनी सतरंजीवर बसला. नखांतलं ग्रीस तेवढं राहिलंच. मुलीचे मामा नेमके त्या नखांकडे बघत होते. मामांचं ट्रॅक्टरचं गॅरेज.

'कशावर काम चालू आहे?' मामांनी विचारलं.

जिभाऊंनी डोळे मिटले.

किल्ली कशी निघाली, कुलूप कुणी उघडलं, हे मला सांगता येणार नाही. पोह्यांच्या बशा बाहेर आल्या तेव्हा सतरंजीवर मुलीचे वडील, जिभाऊ आणि मी, असे तिघेच होतो. मामांचा कोट खुंटीवर होता आणि मामा नव्हते. मुलगी आतल्या दारात उभी राहून शेडकडे बघत होती आणि हसू दाबत होती. तिच्या घरी हे रोजचंच असणार. शेडमधून दोन आवाज येत होते.

'चेकनट सोड आधी.'

'मामा, अर्धा आटा देऊ?'

'अर्धा? वेडा का? पाव दे.'

आईने खिडकीतून हाक मारली, 'पोहे गार होताहेत!'

'दोनच मिनिटं!' दोन्ही आवाज एकदम आले.

मुलीच्या वडिलांनी आणि जिभाऊंनी एकमेकांकडे पाहिलं. मग जिभाऊ उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि म्हणाले, 'ते पोहे राहू द्या. भरताची वांगी भाजायला घ्या. पाहुणे जेवूनच जातील.'