बाविसावा वेताळ

जुन्या कॉमिक्सच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात एक तरी स्कॅनकाका असतोच. निवृत्त, पेन्शन व्यवस्थित, आणि कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी कुलपात ठेवलेली हार्ड डिस्क. दागिने कुठले हे काकूंना विचारावं लागतं. डिस्कवर काय आहे ते काका झोपेतही सांगतात.

त्यांचा जीव इंद्रजाल कॉमिक्समध्ये. त्यातल्या वेताळाची गादी बापाकडून मुलाकडे जाते आणि आपण वाचला तो एकविसावा. बाविसावे आपणच, असा काकांचा समज असावा. १९६४ साली सुरू झालेलं इंद्रजाल १९९० साली बंद पडलं, आणि काकांची सगळी नीतिमत्ता या बंद पडण्यावर उभी आहे. "छापतंय कोण आता? मिळालं असतं तर घेतलं नसतं का?" यावर समोरचा गप्प बसतो, कारण मुद्दा अगदीच पोकळ नाही. शिवाय कष्ट बघावेत! गंजलेल्या पिना नखानं अलगद काढायच्या, पिवळं पान काचेवर ठेवायचं, मागची चित्रं उमटू नयेत म्हणून वर काळा कागद दाबायचा, मग एकेक डाग पुसत बसायचं. एका अंकापायी रात्र जाते.

पण त्याच डिस्कवर अमर चित्र कथाही आहे. अनंत पैंनी १९६७ साली सुरू केलेली ही पुस्तकं आजही दुकानात मिळतात. तसं म्हणून पाहा, लगेच तत्त्व बदलतं. "किमती बघितल्यास? आम्ही रुपया-दीड रुपयात घ्यायचो." चाचा चौधरीचं काढलं, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्याचे जनक प्राण २०१४ साली गेले, म्हणजे २०७४ सरेपर्यंत थांबायला हवं, असा हिशोब मांडला, तर काका चष्मा पुसत म्हणतात, "तोवर मी राहतोय होय?" आता या वयाच्या माणसाशी पुढे काय वाद घालणार!

कंजूष म्हणावं तर तेही नाही. जुनी मूळ प्रत दिसली की हजार-दोन हजार रुपये बिनबोभाट मोजतात. ते जातात रद्दीवाल्याच्या खिशात. इंद्रजालमधला 'बहादूर' निर्माण करणाऱ्या आबिद सुरतींना त्यातला छदामही नाही. नव्या पुस्तकाचे दीडशे मात्र 'शुद्ध लूट'.

काकांच्या प्रत्येक स्कॅनवर तिरक्या, फिकट अक्षरांत त्यांचं नाव असतं. एकदा कुणीतरी ते पुसून फाइल दुसऱ्या ग्रुपात टाकली. त्या रात्री काका जेवले नाहीत. "मेहनत माझी! विचारायची साधी रीत नाही? लोकांना लाज कशी ती उरलीच नाही." गावभर वाटून झालेल्या मालाची चोरी झाली म्हणून रडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

परवा त्यांच्या भाचीनं स्वतः लिहिलेलं, स्वतः काढलेलं कॉमिक छापलं. कर्ज काढून. किंमत १२० रुपये. पहिली प्रत मामांना भेट. मामा हरखून गेले, डोळ्यांत पाणी आलं. रात्री ग्रुपवर मेसेज पडला: "आमच्या भाचीचं पहिलं पुस्तक! मराठी कलाकाराला प्रोत्साहन द्या. जास्तीत जास्त ग्रुपांत पाठवा." सोबत पीडीएफ. पिना काढून, काळा कागद लावून केलेला झकास स्कॅन, आणि पानोपानी मामांचं नाव.