अर्ध्या किमतीचा न्याय

इंग्लंडात अपराध घडणे आणि तो आपल्या हातून घडला असे कळणे, या दोहोंच्या दरम्यान टपालखात्याच्या कृपेने बरेच दिवस जातात, आणि तेवढा काळ मनुष्य निष्पाप म्हणून सुखाने जगतो, ही या देशाच्या राज्यकारभारातील एक दयाळू योजना म्हटली पाहिजे. पुण्याच्या चौकात हवालदार शिट्टी फुंकी, हात आडवा करी, परवाना मागे, आणि मग ‘साहेब, राहता कुठं?’ येथून निघालेले संभाषण गावाकडच्या पाऊसपाण्यावरून वळसे घेत उभयपक्षी मान्य अशा तडजोडीपाशी येऊन थांबे. लंडनच्या चौकात शिट्टी नाही, हवालदार नाही, हुज्जत घालायला समोर इसम म्हणून नाही. उंच खांबावर एक कॅमेरा तेवढा असतो. तो कोणाला अडवीत नाही, कोणावर डाफरत नाही. पाहिलेले मुकाट्याने दप्तरी दाखल करतो, आणि यथावकाश दाराच्या फटीतून एक लिफाफा आत पडतो.

आमच्या लिफाफ्याचा विषय होता पिवळी जाळी. चौरस्त्याच्या मध्यभागी पिवळ्या तिरक्या रेघांची ही जाळी ब्रिटनमध्ये १९६७ सालापासून आखली जाते. पलीकडे आपली गाडी मावेल एवढी जागा मोकळी असल्याखेरीज तीत चाक घालू नये, आणि पुढच्या उभ्या गाड्यांमुळे तीत थांबण्याची पाळी आणू नये, असा दंडक आहे. उजवीकडे वळू पाहणारा समोरच्या वाहनांसाठी खोळंबला असेल, तर त्याला तेवढी माफी. पूर्वी हे पाहणे पोलिसांकडे असे. २००३ च्या कायद्याने लंडनपुरते ते स्थानिक कौन्सिलांकडे आले, आणि पोलिसांच्या नजरेस जी गोष्ट सहसा येत नसे ती कौन्सिलांना लख्ख दिसू लागली.

गणेशोत्सवातला रविवार होता, पाऊस झिमझिमत होता, मागच्या आसनावर उकडीच्या मोदकांचा डबा होता, आणि आम्ही डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळाकडे निघालो होतो. जाळीपलीकडची जागा मोकळी होती, हे मी त्या मोदकांची शपथ घेऊन सांगतो. मी आत शिरलो न शिरलो तोच शेजारच्या रांगेतली एक पांढरी व्हॅन, इशारा देण्याच्या क्षुल्लक उपचारात न पडता, त्या जागेत जाऊन स्थिरावली, आणि मी जाळीत राहिलो. नोटिशीवरचा क्रमांक घातला की संगणकावर त्या प्रसंगाची चित्रफीत पाहता येते. ती मी पाहिली. कोपऱ्यात सेकंद पळताहेत, वायपर हलताहेत, ब्रेकचे तांबडे दिवे ओल्या डांबरावर पसरले आहेत, आणि आपल्या गाडीचे छत, ज्याच्यावरचा कबुतरांचा सारा कारभार आजवर आपल्याला अज्ञात होता, परमेश्वराला दिसत असेल तसे वरून दिसते आहे. व्हॅनही दिसते, परंतु ती जाळीच्या बाहेर उभी, म्हणून साव, आणि मी आत, म्हणून चोर. (कौन्सिलचे नाव सांगत नाही, त्याच्या हद्दीतून अजून जाणेयेणे आहे.)

कायद्याची खरी खुबी याच्याही पुढे आहे. गाडी कोण चालवीत होते याच्याशी असल्या नोटिशीला कर्तव्य नसते. ती मालकाच्या नावे निघते. आमची गाडी विम्याच्या कुठल्याशा हिशेबाने कुटुंबाच्या नावावर आहे. सबब जबाबदार ती ठरली, आणि प्रत्यक्ष चाक हाती असलेला मी या प्रकरणात त्रयस्थ झालो. दंड १६० पौंडांचा; १४ दिवसांत भरल्यास ८०.

‘भरून टाका,’ ती म्हणाली.

प्रश्न पैशांचा नसून तत्त्वाचा आहे, असे मी गंभीरपणे निवेदन केले.

‘अहो, गाडी माझ्या नावावर, नोटीस माझ्या नावावर, आणि तत्त्व तेवढं तुमचं?’

ही निम्म्या रकमेची युक्ती ज्याने काढली त्याला मनुष्यस्वभावाचे ज्ञान चाणक्याहून तिळभर अधिकच असले पाहिजे. १६० पौंड भर म्हटले तर माणूस भांडायला उठतो. पण १६० चा दंड ८० ला मिळतो आहे म्हटले की, लक्ष्मी रस्त्यावरच्या सेलमध्ये निम्म्या भावाची पैठणी हाती लागावी तशा लगबगीने तोच माणूस कार्ड काढतो. भांडून हरला तर सवलत गेली. आणि काहीच न करता स्वस्थ बसला तर रक्कम दीडपट, म्हणजे २४०. मग नॉर्थॅम्प्टनच्या कचेरीत न्यायालयाचे देणे म्हणून नोंद. मग वसुलीसाठी दारात बेलिफ. यांतले बरेचसे इतक्या बारीक आणि इतक्या सभ्य भाषेत छापलेले असते की, आपल्याला धमकावले जात आहे की चहाला बोलावले जात आहे, याचा वाचणाऱ्यास चटकन उलगडा होत नाही.

सल्ल्यासाठी लांब जावे लागले नाही. आमच्या मंडळाच्या १९३२ सालच्या स्थापनेत न. चिं. केळकरांचा हात, आणि केळकर केसरीकडे येण्यापूर्वी साताऱ्यास वकिली करीत; तेव्हा वादविवाद हा संस्थेचा मूळ धर्मच. भोंडल्याच्या खिरापतीच्या रांगेत एका दंतवैद्याने जाळीचा रंग फिका असल्याचा मुद्दा घ्यायला सांगितले, एका निवृत्त बँकवाल्याने निमूट पैसे भरायला सांगितले, आणि एका तरुणाने व्हॅनवाल्यावरच दावा ठोकण्याचा सल्ला दिला. मी घरी येऊन कुटुंबाचा मुखत्यार या नात्याने सविस्तर कैफियत लिहिली. सही करण्यापूर्वी तिने त्यातला मोदकांचा परिच्छेद खोडला.

कौन्सिलचे उत्तर आले. आमच्या पत्राबद्दल आभार, झालेल्या तसदीबद्दल खेद, चित्रफीत काळजीपूर्वक पाहिल्याचा निर्वाळा, व्हॅनबद्दल चकार शब्द नाही, आणि अर्ज नामंजूर. शेवटी मात्र, केवळ सद्भावनेने, ८० पौंडांची सवलत आणखी १४ दिवस. त्या सद्भावनेपुढे माझे तत्त्व एक संध्याकाळभर चांगलेच डळमळले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तथापि शेवटी आम्ही लंडनच्या वाहतूक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. तिथला निवाडा करणारा कौन्सिलचा नोकर नसून स्वतंत्र कायदेपंडित असतो, अपिलास फी नाही, आणि सुनावणी दूरध्वनीवरूनही होते. मी आलेखाच्या कागदावर चौकाचा नकाशा काढला, व्हॅनचा मार्ग तांबड्या शाईने दाखवला, चित्रफितीतल्या दृश्यांना ‘अ’ पासून ‘ए’ पर्यंत खुणा केल्या, आणि समारोपाचे भाषण न्हाणीघरात, तिथे आवाज घुमतो म्हणून, पुन्हापुन्हा म्हटले. सुनावणीच्या आदल्या दिवशी कळवण्यात आले की, कौन्सिल अपिलास विरोध करू इच्छीत नाही. सबब अपील मंजूर, देणे काही नाही. कारण दिलेले नव्हते. कौन्सिलने निदान थोडा तरी विरोध करावा अशी दरखास्त देता येते काय, हे मी नियमांत शोधून पाहिले. तशी तरतूद नाही.

निकाल अर्थातच कुटुंबाच्या नावे आला, आणि तिने तो आपल्या फायलीत लावला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात मी तिळगुळाचे ताट घेऊन फिरत असता बायकांच्या घोळक्यातून तिचा आवाज कानी आला : ‘मी म्हटलं, ऐंशी पौंडांचं काय घेऊन बसलात, प्रश्न तत्त्वाचा आहे.’ घोळक्यातल्या एकीने लगोलग पर्समधून आपली नोटीस काढली, आणि हिने ती घेऊन, वळूनही न पाहता, माझ्या ताटात ठेवली.