जठारपेठेतला रिमोटवाला

रिमोटवर चालणारी विमाने, मोटारी आणि होड्या विकणारा दुकानदार व्यापाऱ्यांत मोडतो तो निव्वळ जीएसटी क्रमांकामुळे. व्यापाऱ्याचे दुसरे कोणतेही लक्षण त्याच्यात सापडत नाही. माल खपला की व्यापाऱ्याला बरे वाटते. याला मात्र चांगले मॉडेल गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाताना पाहवत नाही. समोरचा पैसे मोजत असतो आणि हा विचारत असतो, "हात बसला हाय काय तुमचा? नाही त पहिले साधं घ्या, भाऊ. हे पडलं त मले वाईट वाटते." असा दुकानदार मुंबई-पुण्यात खपून जातो. अकोल्याच्या जठारपेठेत, जिथे दवाखाने, शिकवण्या, किराणा आणि कचोरी यांना मंदी ठाऊक नाही, तिथे शेजारचे दुकानदार त्याला दयेपोटी चहा पाजतात.

या माणसाची उत्पत्ती बहुधा एकाच रीतीने होते. शाळेत असताना त्याने टेपरेकॉर्डरची मोटर काढून थर्माकोलच्या विमानाला बसवलेली असते. टेपरेकॉर्डर घरचा असतो. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगच्या पोरांनी तारेला बांधलेले, गोल गोल घुमणारे 'कंट्रोल लाइन' विमान उडवून दाखवले, तो दिवस त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का आठवतो. पुढे डिप्लोमा, पुण्यात काही वर्षे नोकरी, सुट्या भागांसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या वाऱ्या, आणि एक दिवस वडिलांना सांगणे, की दुकान टाकतो. वडिलांना वाटते, मोबाइलचे. ते तसे वाटू देणे हा त्याच्या आयुष्यातला एकमेव धूर्त व्यवहार.

पाटीवर सुरुवातीला नुसते 'आर. सी. हॉबी' असते. त्यामुळे गाडीचे आरसी बुक हरवलेले लोक येऊ लागतात आणि आरटीओत ओळख आहे काय असे विचारतात. म्हणून खाली ठळक अक्षरांत 'रिमोट कंट्रोल' लिहून घ्यावे लागते. तेव्हापासून टीव्हीचे रिमोट येतात, उन्हाळ्यात एसीचे. तो ते गुपचूप दुरुस्त करून देतो. दुकानाचे वीजबिल त्यातूनच निघते, पण हे तो चारचौघांत कबूल करत नाही. भिंतीवर शेगावच्या गजानन महाराजांच्या तसबिरीशेजारी निकोला टेस्लाचा फोटो असतो. टेस्लाने 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींवर चालणारी लहानशी होडी लोकांना दाखवली. रिमोटवाल्याच्या लेखी मानवजातीचा इतिहास तिथून सुरू होतो. नवखे लोक फोटोकडे पाहून "हे कोणते महाराज?" असे विचारतात. काही जण नमस्कारही करतात. तो अडवत नाही.

त्याची एकच अस्पृश्यता असते, ती खेळण्याबद्दल. खेळणे आणि मॉडेल यांतला भेद तो दिवसातून अनेकदा सांगतो. खेळणे बिघडले की फेकायचे. मॉडेल बिघडले की रिसीव्हर, सर्वो, मोटर, दांडी, जे गेले तेवढेच बदलायचे. दुर्दैवाने दुकानात सर्वांत जास्त खेळणीच खपतात. ती खालच्या फळीवर, अर्धी पडद्याआड ठेवलेली असतात, आणि पोराच्या वाढदिवसाला रात्री आठ वाजता धापा टाकत येणाऱ्या बापाला ती बरोबर दिसतात. या बापांचा त्याच्यावर रागही असतो. खेळण्यांवरचे आयात शुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 वर गेले, 2023 साली 70 वर. शिवाय 2021 पासून आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. एवढा अर्थसंकल्प रात्री आठ वाजता कोण ऐकतो? मागच्या वाढदिवसाला जी गाडी स्वस्तात मिळाली होती तिचा फरक याने खिशात घातला, अशाच नजरेने बाप पैसे देतो.

खरी परीक्षा मात्र बॅटरीपाशी होते. संवाद ठरलेला.

"किती वेळ उडते?"

"आठ-दहा मिनिटं."

"अन् चार्जिंगले?"

"तास लागते."

यानंतर जी शांतता पसरते तशी जठारपेठेत एरवी कर्फ्यूतही नसेल. समोरच्याला वाटते आपण उलटे ऐकले. मग दुकानदार समजावू लागतो, आणि होता होता राहिलेली विक्री तिथे कायमची बुडते. लिथियम पॉलिमरचा एक सेल 3.7 व्होल्टचा, तीन जोडले की 11.1. भरताना सेलमागे 4.2 च्या वर जायचे नाही. उडवताना साडेतीनच्या फार खाली उतरायचे नाही. आठवडाभर नुसती ठेवायची असेल तर 3.8 वर आणून ठेवायची, म्हणजे भरलेलीही नाही आणि रिकामीही नाही. चार्जिंगला लावून झोपायचे नाही. फुगली तर टोचायची नाही. उन्हात उभ्या गाडीत विसरायची नाही. हे पथ्यपाणी ऐकून निम्मे बाप "घरी विचारून येतो" म्हणतात आणि समोरच्या दुकानातून क्रिकेटची बॅट घेऊन जातात. तो स्वतः मात्र सांगतो तसाच वागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे सरकला की घरातल्या सर्वांत गार खोलीत, मातीच्या कुंडीत वाळू पसरून त्यावर बॅटऱ्या निजवलेल्या असतात. पाहुण्यांना कूलरसमोरची जागा त्यानंतर मिळते.

पडून आलेले मॉडेल तपासताना त्याला पाहणे हे शिक्षण आहे. आणणारा कधीही "मी पाडलं" म्हणत नाही. वाऱ्याने नेले, रेंज गेली, आपोआप खाली आले, अशी कारणे असतात. रेंजचे कारण पूर्वी खरे तरी असू शकत होते. 27 मेगाहर्ट्झच्या काळात दोघांच्या रिमोटमध्ये एकच क्रिस्टल असला की एकाने दांडी हलवली आणि दुसऱ्याचे विमान वळले, असे व्हायचे. आताचे 2.4 गिगाहर्ट्झचे रिमोट स्वतःच वाट बदलत राहतात, तेव्हा ती सबब गेली. रिमोटवाला काही बोलत नाही. तो विमानाच्या नाकातली काळी माती नखाने उकरतो. माती आत खोलवर ठासलेली असली तर पोराने घाबरून थ्रॉटल सोडायच्या ऐवजी पुढे रेटला, हे उघड होते. मग शेपटीकडचा सर्वो काढतो. सर्वो म्हणजे नऊ ग्रॅमची निळी डबी. तो ती कानाशी धरून तिचा दांडा बोटाने हळूच फिरवतो. एकसारखी घरघर आली तर ठीक, मध्येच कर्र झाले तर आतल्या नायलॉनच्या चाकाचे दात गेले. "दात गेले," एवढेच तो म्हणतो, आणि पोरगा नकळत स्वतःच्या गालाला हात लावतो.

सुगी येते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. अमरावती विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचे ते दिवस. अकोला, शेगाव, बडनेरा इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून चार-चार पोरांचे गट येतात. विषय एकच: शेतीसाठी ड्रोन. चौघांपैकी एकाला थोडेफार कळते, दुसऱ्याकडे गाडी असते, तिसऱ्याच्या वडिलांकडे पैसे असतात आणि चौथा फोटोत असतो. यादी यूट्यूबवरून उतरवलेली असते: एफ450 ची फ्रेम, ए2212 च्या चार मोटरी, 30 अँपिअरचे चार ईएससी, सहा चॅनलचा रिमोट. मोटरीवर '1000 केव्ही' छापलेले पाहून एखादा विचारतोच, "दादा, एवढे किलोव्होल्ट ही बॅटरी देईन काय?" महापारेषणच्या मोठ्या मनोऱ्यांवरून जाणाऱ्या लाइनी 400 केव्हीच्या असतात, तेव्हा हातातली मोटर खरोखर त्या हिशोबाची असती तर अर्धे अकोला एव्हाना अंधारात असते, हे तो न हसता सांगतो. इथे केव्ही म्हणजे बोजा नसताना एका व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. 11.1 व्होल्टला अकरा हजार. विद्युत शाखेचा विद्यार्थी ही माहिती वहीत लिहून घेतो. यंत्र शाखेचा फोटो काढतो.

सगळे सामान जाते आणि आठ दिवसांनी रात्री फोन येतो, "दादा, उद्या व्हायवा हाय अन् ड्रोन पालथं होऊन रायलं." ड्रोनच्या चार पंख्यांपैकी दोन उजवे आणि दोन डावे असतात, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले एका जातीचे. पोरांनी हाताला लागतील तसे बसवलेले असतात. रिमोटवाला जेवणाच्या ताटावरून उठतो, शटर अर्धे वर करतो आणि दोन वाजेपर्यंत सोल्डरिंग गन घेऊन बसतो. चौघांपैकी तिघे झोपतात. दुसऱ्या दिवशी ड्रोन परीक्षकांपुढे सव्वा मिनिट उडतो, प्रोजेक्ट पास होतो. अहवालाच्या आभारात प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक, आईवडील आणि मित्रपरिवार यांची नावे येतात. रिमोटवाल्याचे नाव येत नाही. त्याचे बिल तेवढे परिशिष्टात जोडलेले असते.

बाकीच्या गिऱ्हाइकांत खोळंबून राहण्यासारखे फार नाही. लग्नाचे शूटिंग करणारे पंखे घेऊन जातात, कारण मांडवाच्या झालरीत दर लग्नसराईत पंखे तुटतात. नमो ड्रोन दीदीच्या बातम्या वाचून शेतकरी येतात आणि दहा लिटरच्या टाकीचा फवारणी ड्रोन मागतात. त्यांना नऊ ग्रॅमचा सर्वो दाखवला की ते हसतात आणि तूर कशी आहे ते सांगून जातात. मात्र एक निवृत्त गुरुजी रोज संध्याकाळी येतात. ते काही घेत नाहीत. 1895 साली गिरगावच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, हे ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात. त्या उड्डाणाचा भक्कम पुरावा नाही, आणि त्यासाठी ज्या वैमानिक शास्त्राचा हवाला देतात त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 साली दाखवून दिले. रिमोटवाल्याला हे सारे पाठ असते. पण रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही, आणि गुरुजी बसले की दुकान रिकामे दिसत नाही. विज्ञानाने इथे माघार घेतलेली आहे.

कायद्याने त्याला तारलेही आणि छळलेही. तयार ड्रोन परदेशातून आणायला फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली, सुट्या भागांना मोकळीक राहिली. म्हणजे जुळणी करणाऱ्याचे दिवस आले. पण ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे पाडले, 250 ग्रॅमच्या खालचे आणि वरचे असे वर्ग केले, आणि हे सारे गिऱ्हाइकाला समजावून सांगण्याचे काम याच्या गळ्यात पडले. "पोलीस पकडतीन काय?" या एका प्रश्नाचे तो वीस मिनिटे उत्तर देतो. शेवटी गिऱ्हाईक मोटार घेते, कारण ती जमिनीवर चालते.

विमानतळाचा विषय त्याच्यापुढे काढू नये, पण अमरावतीकडचे पाहुणे हमखास काढतात. बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 ला मुंबईचे विमान सुरू झाले. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी वाढणार, ही बातमी वर्षानुवर्षे वाढते आहे. रिमोटवाल्याचे म्हणणे असे, की अकोल्याहूनही दर रविवारी विमान सुटते, फक्त त्यात बसता येत नाही. शिवणीच्या बाजूला तो अर्थातच जात नाही. सोयाबीन निघाले की अकोट रोडला ओळखीच्या शेतात सकाळी सातला पाच-सहा जण जमतात. विमान हाताने फेकले जाते, दोन घिरट्या बऱ्या होतात, तिसऱ्या घिरटीत सूर्य डोळ्यांवर येतो आणि विमान शेजारच्या पऱ्हाटीत उतरते. तिथे कापूस वेचणाऱ्या बाया असतात.

"मावशी, विमान पडलं हो इकडे. दिसलं काय?"

"माय वो! आतमधी माणसं होती काय?"

नाही म्हटल्यावर त्यांना हायसे वाटते. विमान ओट्यातल्या कापसासकट परत मिळते.

घर बहुधा वहिनींच्या पगारावर चालते. त्या तक्रार करत नाहीत, हिशोब ठेवतात. सहलीला पुण्याला नेले तेव्हा शनिवारवाडा बाहेरूनच दाखवला आणि कोथरूडला जोशी यांच्या मिनिएचर रेल्वेच्या संग्रहालयात लागोपाठ दोन खेळ पाहिले, एवढी एक नोंद त्यांच्या मनाच्या वहीत पक्की असते. धंदा वाढेल अशी आशा मधूनमधून येते. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळांना 20 लाखांपर्यंत अनुदान मिळू लागले, तेव्हा आली होती. पण खरेदी होते ती पोर्टलवरून. पेट्या उघडून कोणती वायर कुठे जाते ते सांगायला याला बोलावतात, आणि शाल-श्रीफळ देतात. पोरेही सुटे भाग ऑनलाइन मागवतात, कारण तिथे सर्वो पंधरा रुपयांनी स्वस्त पडतो. तो उलटा जोडून जाळला की मग दुकानात येतात. रिमोटवाला आधी रागावतो, मग नवा देतो, आणि कसा जोडायचा ते पुन्हा फुकट शिकवतो.

दुकान रविवारी बंद असते. त्या दिवशी कुणाला काम असल्यास सकाळी सातला अकोट रोडला यावे. बॅटरी घरून चार्ज करून आणावी, फुगलेली आणू नये.