खोलीचे फडणीस

गिरगावातल्या चाळींत जेथे जेथे चार-पाच अविवाहित कारकून एका खोलीत बिऱ्हाड थाटतात, तेथे तेथे त्यांच्यातून एक फडणीस स्वयंभू प्रकट होतो. त्याची कोणी नेमणूक केलेली नसते, त्याला वेतन नसते, आणि त्याला बडतर्फ करण्याचा अखत्यारही कोणास नसतो. आमचे फडणीस १९५२ च्या जूनमध्ये वळकटी, ट्रंक आणि एक लांबट कीर्दवही घेऊन दाखल झाले, तेव्हा पाच जणांच्या त्या खोलीचे भाडे १७ रुपये होते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस जखडून टाकली असल्यामुळे तो आकडा मालकाच्या उसाशांनीही हलत नव्हता.

सर्वांनी सारखे भाडे भरावे हा विचार फडणिसांस बुद्धीचा आळस वाटे. खिडकीखाली झोपणाऱ्याने वाऱ्याबद्दल अधिक द्यावे हे तत्त्व त्यांनीच मांडले. परंतु खिडकीखाली तेच झोपत असल्यामुळे, वाऱ्याच्याच वाटेने पाऊसही येतो, सबब चार महिन्यांची सूट, हे पोटकलमही त्यांनीच जोडले. मे महिन्यात राजापुरास जाणाऱ्याने भाडेमाफीचा अर्ज करताच, "देह कोकणात असला तरी ट्रंक मुंबईतच असते," असा शेरा मारून त्यांनी तो निकालात काढला. खरा पेच पडला तो तारखात्यातल्या रात्रपाळीच्या गृहस्थांचा. आम्ही कचेरीत गेल्यावर हे एकटेच संपूर्ण १२० चौरस फुटांचा उपभोग घेतात, म्हणून त्यांनी जादा भरावे, असे फडणिसांचे म्हणणे; तर भरदिवसा नळावरची भांडणे, बोहारणीची आरोळी आणि गॅलरीतले पोरांचे क्रिकेट सोसून जी येते तिला झोप म्हणत नाहीत, तेव्हा आपल्यालाच नुकसानभरपाई मिळावी, असा त्या गृहस्थांचा जबाब. दोन रविवार हा खल चालला, आणि अखेरीस सर्वांनी सारखे भरावे असे ठरले.

परंतु १७ रुपयांचे पाच वाटे केले की दरडोई ३ रुपये ६ आणे ४ पई येत, आणि तरीही चार पई उरत. पईचे नाणे चलनातून केव्हाच गेले होते. आम्ही चौघे तो विषय हसण्यावारी नेत असू. फडणीस मात्र त्या चार पई दरमहा पदरच्या भरून त्या आम्हा सर्वांच्या नावे मांडीत. (माझ्या माहितीत परमार्थाची एवढी काटेकोर वसुली दुसऱ्या कोणी केलेली नाही.)

मग १ एप्रिल १९५७ रोजी सरकारने रुपयाचे १०० नवे पैसे केले. फडणिसांनी भागाकार केला: दरडोई ३ रुपये ४० नवे पैसे, बाकी शून्य. त्यांनी तो तीनदा केला. त्या रात्री ते खाणावळीत अर्धपोटीच उठले, आणि खिडकी उघडी ठेवावी की मिटावी या विषयावरही त्यांनी मतप्रदर्शन केले नाही.

पहाटे दिव्याच्या उजेडाने मला जाग आली. फडणीस मांडी घालून वही पुढ्यात घेऊन बसले होते. "मागील बाकी, महिने अठ्ठावन्न," ते पुटपुटत होते, "एक रुपया तीन आणे चार पई; म्हणजे नवे पैसे एकशे वीस... आणि वर पाच षष्ठांश!" आणि त्यांनी पेन्सिलीला टोक काढावयास घेतले.