आधी उतरा की!

ऐन आषाढात मुळशी खोऱ्यात आरोग्य शिबिर घ्यायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघते तो स्वतः शिबिराला कधीच येत नाही. त्याला नेमकी त्या दिवशी मीटिंग असते. आम्ही मात्र औषधांचे खोके, वजनकाटा आणि बीपीचं यंत्र घेऊन निघालो. पौड गेलं, धरण मागे पडलं, ताम्हिणीच्या वाटेवर डांबर सोडून वाडीकडे वळलो आणि गाडीचं मागचं डावं चाक खाचराकडेच्या चिखलात आसापर्यंत गेलं.

गाडी रुतली की मराठी माणसातला इंजिनिअर जागा होतो. "फर्स्टला टाक." "सेकंडला उचल." "रेस दे." "अरे, रेस देऊ नकोस!" पाऊस मुसळधार असल्यामुळे सगळे सल्ले काचा वर करून, आत बसूनच दिले जात होते. ड्रायव्हरने सर्वांचं ऐकलं, त्यामुळे चाक आणखी वीतभर खाली गेलं. एका निवृत्त प्राध्यापकांनी डिफरन्शियलचं तत्त्व समजावलं: ज्या चाकाला पकड नाही तेच गरगर फिरतं आणि पकड असलेलं जागेवर स्वस्थ उभं राहतं. तत्त्व अगदी खरं. आमच्या संस्थेचा कारभारही त्याच तत्त्वावर चालतो.

एवढ्यात बांधावरून प्लॅस्टिकचं इरलं पांघरलेले एक बाबा आले. त्यांनी वाकून चाक पाहिलं, मग काचेतून आम्हाला पाहिलं.

"आवं, आधी उतरा की समदी!"

हा उपाय कुणालाच सुचला नव्हता.

बैल मिळतील का, असं आम्ही विचारलं. "बैल चिखलणीला हाईत. त्यांना कामं हाईत," बाबा म्हणाले. आवणीच्या दिवसांत इथे रिकामं कुणी नसतं. तरी एक हाक गेली आणि खाचरांतून माणसं आली. पहारीने चाकापुढचा चिखल उकरून उतार केला, खाली चपटे दगड, त्यावर कारवीच्या काठ्या, वर पेंढा. टायरमधली थोडी हवा सोडली, म्हणजे तळ पसरतो आणि पकड वाढते. आमची नायलॉनची दोरी पहिल्याच हिसक्याला तुटली, तेव्हा गोठ्यातला जाडजूड सोल आला.

बाहेरून येणाऱ्यांचा या खोऱ्याला जुना अनुभव आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच, आणि त्याचं पाणी आजही घाट उतरून भिऱ्याला वीज करायला जातं. त्यामानाने आम्ही निरुपद्रवी. आमचं काहीच कुठे जात नव्हतं.

"हर हर महादेव!" झालं. वाडीतली माणसं बाजूने रेटत होती. आमची मंडळी मात्र नेमकी चाकामागे उभी राहिली. गाडी निघाली तेव्हा प्राध्यापकांचा फक्त चष्मा ओळखू येत होता, तोही काचा सोडून.

डॉक्टरबाईंनी शिबिर मारुतीच्या देवळातच मांडलं. ओढणाऱ्यांचं बीपी व्यवस्थित निघालं, सल्लागारांचं वाढलेलं. वाडीने सगळ्यांना कोरा चहा दिला आणि माणसं पुन्हा आवणीला गेली.

तेव्हा संयोजकहो, शिबिर भातकापणी उरकल्यावर ठेवा. लोकांना तेव्हा सवड असते, आणि रस्ताही जमिनीच्या वर असतो.