तालुका पृथ्वी

सरकारी नोकरीतून माणूस निवृत्त होतो, परंतु त्याच्या अंगात मुरलेले दफ्तर काही निवृत्त होत नाही, हे ज्यांच्या शेजारी एखादा पेन्शनर कारकून राहतो त्यांना सांगावयास नकोच. कोणी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर आपला अंमल बसवितो, कोणी देवस्थानच्या हिशेबात शिरून पुजाऱ्यास हैराण करतो. आणि गाव, तालुका, जिल्हा हे सारे प्रदेश ज्यांच्या कर्तृत्वाला उमेदीच्या काळातही तोकडेच वाटत आलेले असतात, असे काही थोडे महापुरुष अखेर सबंध पृथ्वीचाच चार्ज घेतात. जगाच्या पाठीवर कोठेही जमीन हलो, कोठल्याही महासागरात वारा गरगर फिरू लागो, त्याची वर्दी यांना लागलीच पाहिजे आणि वर्दी लागली की तिची नोंद झालीच पाहिजे. हा मनुष्यविशेष गावोगाव आढळतो. पण कऱ्हाड-पाटणकडे त्याची पैदास अंमळ अधिक, कारण कोयनेचे खोरे हाताशी असल्यामुळे जमिनीचे हलणे ही तेथे केवळ भूगोलाच्या पुस्तकातील गोष्ट राहिलेली नाही.

महसूल खात्याच्या रिवाजाप्रमाणे यांना सारे भाऊसाहेब म्हणतात. अव्वल कारकून म्हणून तहसील कचेरीतून बाहेर पडताना त्यांनी शाल, श्रीफळ आणि कोऱ्या रजिस्टरांचा एक गठ्ठा आणलेला असतो, आणि यांपैकी उपयोगात येतो तो फक्त गठ्ठा. पहाटे उठल्यावर करदर्शनाचा विधी ते चुकवीत नाहीत, मात्र करात मोबाईल असतो. रात्रभरात पृथ्वीने काय काय उपद्व्याप केले ते वाचून होईपर्यंत चहा निवतो. आणि मग हिरव्या कापडी बांधणीचे रजिस्टर उघडून, टाक असता तर तो झटकूनच, पण तो नाही म्हणून बॉलपेन झटकून, ते आपल्या टपोऱ्या अक्षरांत लिहू लागतात: अनुक्रमांक, दिनांक, वेळ, मौजे, खोली, आकडा, शेरा. ‘मौजे टोंगा, खोली ५५० किलोमीटर, आकडा ५.४, शेरा: जीवितहानी निरंक.’ अमेरिकेतील कोलोराडो राज्यात गोल्डन नावाच्या गावी भूकंपांची जी राष्ट्रीय कचेरी आहे तिच्या दप्तरी दिवसाला सरासरी पंचावन्न धक्के दाखल होतात. ती कचेरी एवढे काम इतकी माणसे आणि यंत्रे लावून करते, आणि आपण एकटे करतो, हे भाऊसाहेब आल्यागेल्यास सांगतात. ते साडेचाराच्या खालचे धक्के सोडून देतात, ही बाब ते सांगत नाहीत.

या कामातील खरा रस कशात आहे, हे त्यांच्या ओसरीवर बसल्याखेरीज कळावयाचे नाही. भूकंप झाला की पहिला आकडा यंत्रे आपापल्या हिशेबाने काही मिनिटांत देऊन टाकतात. मग माणसे बसून दूरदूरच्या केंद्रांवरील नोंदी ताडून पाहतात, आणि ६.३ चे ६.१ होतात किंवा दहा किलोमीटरची खोली पस्तीस होते. सामान्य वाचकाचे इकडे लक्षही जात नाही. पण ज्याची हयात नजरअंदाज आणेवारी, हंगामी आणेवारी आणि अंतिम आणेवारी यांच्या भांडणात गेली, त्याला या घटनेत जो आनंद होतो तो पगारवाढीतही झाला नसेल. ते लाल शाईने जुना आकडा खोडतात, नवा लिहितात, समासात ‘फेरफार मंजूर’ असे नमूद करतात आणि खाली स्वतःची सही ठोकतात. अमेरिकेचा आकडा एक, जर्मनीतील पोट्सडॅमचा दुसरा आणि दिल्लीचा तिसरा, असे झाले की त्या दिवशी जेवण अधिक जाते. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा आकडा काही ग्रंथ ६.३ देतात, काही ६.५ आणि काही त्याहूनही वर जातात. भाऊसाहेबांच्या रजिस्टरात त्या रकान्यात केवळ ‘प्रकरण न्यायप्रविष्ट’ इतकेच आहे.

एका मुंजीच्या पंगतीत त्यांच्या शेजारचे पान आमच्या वाट्याला आले होते. भूकंपाचा आकडा एकाने वाढला म्हणजे जमिनीचे हेलकावे दसपट होतात खरे, पण बाहेर पडणारी शक्ती सुमारे बत्तीसपट होते, हे लोकांस समजत नाही याबद्दल त्यांनी खेद प्रकट केला आणि तो दूर करण्याचा मार्गही लागलीच शोधला. ‘ही मठ्ठ्याची वाटी म्हणजे पाच,’ ते म्हणाले, ‘तर सहा म्हणजे अशा बत्तीस वाट्या. आणि सात म्हणजे?’ प्रश्न आम्हाला होता, पण उत्तर देण्याची पाळी मठ्ठ्याचे पातेले घेऊन वाकून उभ्या असलेल्या वाढप्यावर आली. तो बिचारा म्हणाला, ‘भाऊसाहेब, पातेल्यात आता आठदहा वाट्याच उरल्यात. वाढू, का पुढं जाऊ?’ साताला हजार वाट्या लागतात हे पुढील पंगतीस कळले.

असा अधिकारी पुरुष गल्लीत असल्यावर पुढचा भूकंप केव्हा, हा प्रश्न त्याला विचारला जाणारच. येथे मात्र भाऊसाहेबांचे थोरपण दिसते. भूकंपाची तारीख सांगण्याचे ते साफ नाकारतात, आणि कारण म्हणून कॅलिफोर्नियातील पार्कफील्डचा दाखला देतात. त्या खेड्यात दर वीसबावीस वर्षांनी सहाच्या आसपासचा धक्का बसे. सबब पुढचा १९९३ च्या आत येईल असे अमेरिकन शास्त्रज्ञांनी जाहीर केले, सारा परिसर यंत्रांनी भरून टाकला आणि वाट पाहत बसले. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ रोजी. ‘अकरा वर्षांची दिरंगाई!’ हे सांगताना भाऊसाहेबांच्या मुद्रेवर जे समाधान पसरते त्यात शास्त्रज्ञांविषयी सहानुभूती किती आणि आपल्या खात्याची अब्रू राहिल्याचा संतोष किती, हे ठरविणे कठीण आहे. गल्लीच्या तोंडाशी राहणारे जोशीबुवा ग्रहणे आणि युत्या पाहून बेधडक तारखा देतात, त्यांच्याशी यांचे सख्य नाही. तथापि वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपावर एक अध्याय असून, पृथ्वीच्या भाराने दमलेले दिग्गज विसावा घेतात तेव्हा ती हलते असेही एक मत तेथे नोंदलेले आहे, हे बुवांनी दाखविले तेव्हा भाऊसाहेब विचारात पडले. इतकी सहस्रके अखंड ड्यूटी करणाऱ्या हत्तींना किरकोळ रजाही मिळू नये, ही व्यवस्था त्यांना सेवानियमांस सोडून वाटली.

वादळांचे रजिस्टर निराळे आहे, आणि त्यावरील प्रीतीही निराळ्या प्रकारची आहे. भूकंप येतो तो थेट. वादळाला मात्र पायरीपायरीने बढती घ्यावी लागते, आणि बढतीचे प्रकरण म्हटले की अव्वल कारकुनाचा जीव त्यात गुंतणारच. आधी नुसते कमी दाबाचे क्षेत्र, मग डिप्रेशन, मग डीप डिप्रेशन, आणि वाऱ्याने ताशी बासष्ट किलोमीटरची मर्यादा गाठली म्हणजे चक्रीवादळ. त्यानंतर कोठे त्याला नाव धारण करण्याचा हक्क पोहोचतो. आमच्या बाजूच्या समुद्रांसाठी तेरा देशांनी प्रत्येकी तेरा अशी एकशे एकोणसत्तर नावे २०२० साली मुक्रर करून ठेवलेली आहेत, ती यादी भाऊसाहेबांस तोंडपाठ आहे. बंगालच्या उपसागरात एखादे डिप्रेशन नाव न मिळताच विरून गेले की ते हळहळतात. जुन्या काळी कचेऱ्यांतून बिनपगारी उमेदवार राबत आणि कायम होण्याच्या आतच घरी जात. त्यांपैकी काहींची नावे सांगून ते म्हणतात, ‘यालाही वरून कोणी वशिला नव्हता.’ उलट अटलांटिकमधील पद्धत त्यांना बिलकुल पसंत नाही. तेथे नावांच्या सहा याद्या पाळीपाळीने फिरतात, आणि ज्या वादळाने अतोनात नासधूस केली त्याचे नाव पुन्हा कोणास न देता कायमचे निवृत्त करतात. २००५ च्या कॅटरिनाचे असेच केले. इमानाने समुद्रातल्या समुद्रात फिरून निघून गेलेल्याला सहा वर्षांनी पुन्हा त्याच टेबलावर बसवावयाचे आणि शहर बुडविणाऱ्यास सन्मानाने निवृत्ती, यावर त्यांनी जागतिक हवामान संघटनेकडे अर्ज लिहून ठेवला आहे. ‘योग्य मार्गाने’ म्हणजे कोणामार्फत पाठवावा याचा उलगडा न झाल्यामुळे तो अद्याप रवाना झालेला नाही.

याच रजिस्टरात ३ जून २०२० ची नोंद आहे. नव्या यादीतील ते पहिलेच नाव, निसर्ग, बांगलादेशाने सुचविलेले. अरबी समुद्रात त्याची उमेदवारी सुरू झाल्यापासून भाऊसाहेब त्याच्या प्रगतीवर पितृवत् लक्ष ठेवून होते. ते अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले, आणि श्रीवर्धनकडे ज्यांच्या वाडीतली सुपारी-नारळाची झाडे मुळासकट आडवी झाली त्यांत यांचे साडूही होते. एक पोफळ धरती व्हावयास कितीक वर्षे लागतात, आणि सरकारी नुकसानभरपाई झाडामागे किती बसते, याचा हिशेब साडूंनी फोनवर ऐकविला. त्या पानावर बढतीच्या तारखा आहेत, वाऱ्याचा वेग आहे. शेऱ्याचा रकाना कोरा आहे.

असे कोरे किंवा विचित्र रकाने भाऊसाहेबांच्या दफ्तरात फारसे नाहीत, म्हणून ते डोळ्यांत भरतात. आकडा मोठा असावा आणि माणूस एकही मरू नये, अशी त्यांची आदर्श भूकंपाची कल्पना आहे, आणि ती अक्षरशः पुरी करणारा भूकंप म्हणून ओखोट्स्क समुद्राखालचा २४ मे २०१३ चा भूकंप ते आदराने दाखवितात: आकडा ८.३, खोली सहाशे किलोमीटरच्या वर, हादरा थेट मॉस्कोपर्यंत पोहोचलेला आणि जीवितहानी निरंक. त्याच्या वीस वर्षे आधीचे पान मात्र ते आपण होऊन उघडीत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे, मौजे किल्लारी. आकडा सहा आणि वर थोडेसे काही. ओखोट्स्कच्या शक्तीचा हजारावा हिस्साही नव्हे. गणपती बोळवून दमलेली गावे झोपली होती, आणि आठदहा हजार माणसे गेली. भाऊसाहेब तेव्हा पंचनाम्याच्या कामावर तिकडे पाठविले गेले होते. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी एवढेच लिहिले आहे: ‘भिंती दोन हात जाडीच्या, दगड व माती, वर माळवद.’

या नोंदीचा पुढे काही उपयोग व्हावयाचा होता, आणि तो टोकियोतील भाचीमुळे झाला. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती तिकडे गेल्यापासून जपान हा भाऊसाहेबांच्या ताब्यातील सर्वांत सुपीक सर्कल होऊन बसला आहे. धक्का दिसला की हे फोन लावतात.

‘हललं का गं?’

‘कधी, मामा?’

‘अगं, आत्ताच! इबाराकी. पाच पूर्णांक एक.’

‘मी बाळाला आंघोळ घालत होते. काही कळलं नाही बाई.’

भाऊसाहेब यावर ‘जबाब असमाधानकारक’ असे टिपून घेतात, कारण पाचाचा भूकंप दडवून ठेवणे ही त्यांच्या मते क्षेत्र कमी दाखविण्यासारखीच बाब आहे. शेवटी एकदा भाचीने त्यांना बसवून समजावून सांगितले, की तिकडे टीव्हीवर आधी भूकंपाचा आकडा सांगतच नाहीत, तुमच्या वस्तीला हादरा किती बसला ते सांगतात; त्याला शिंदो म्हणतात आणि तो शून्यापासून सातापर्यंत असतो. भूकंप एकच, पण समुद्रकाठी चार, आमच्याकडे दोन आणि डोंगरापलीकडे शून्य. भाऊसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांच्या मुखातून जे उद्गार निघाले ते भाचीला समजले नाहीत, पण ज्याने एकदा तरी तलाठ्याच्या चावडीवर खेटे घातले आहेत त्याला समजावयास हरकत नाही. ‘म्हणजे आपण इतकी वर्षं नुसता नमुना सातच लिहीत आलो,’ ते म्हणाले, ‘मालक कोण, एवढंच. प्रत्यक्ष शेतात काय आलं, तो नमुना बारा आपण धरलाच नाही!’

दुसऱ्याच दिवशी रजिस्टरात एक जादा रकाना आखला गेला: ‘भिंत.’ टोंगा आणि फिजीतल्या भिंतींची माहिती मिळणे दुरापास्त असल्यामुळे प्रारंभ स्वतःच्या पेठेपासून करण्याचे ठरले, आणि काखेत रजिस्टर, नाकावर चष्मा अशा थाटात भाऊसाहेब घरोघर फिरू लागले. कोयनेचा पुढचा धक्का बसेल तेव्हा वर्तमानपत्रात ‘सौम्य धक्का, धरण सुरक्षित’ एवढेच छापून येईल. परंतु कोणाच्या मांडणीवरची भांडी वाजली आणि कोणाच्या भिंतीचा पोपडा पडला, याचा घरनिहाय तपशील एका तरी दफ्तरात असावा, हा त्यांचा हेतू निर्मळ होता. लोकांनी मात्र त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. नगरपालिका घरपट्टी वाढविणार आणि त्यासाठी जुना मुरलेला माणूस नेमला आहे, ही बातमी भाऊसाहेबांच्या आधी एक घर पुढे चालू लागली; पक्क्या बांधकामांची कच्ची झाली, माजघरे गोठ्यांत जमा झाली, आणि ज्या घरात आम्ही स्वतः चार खोल्या पाहिल्या आहेत तेथे दीड खोली निघाली. पेठेतील एका जुन्या वाड्याच्या मालकांनी तर त्यांना बैठकीवर बसवून चहा-पोहे दिले आणि हात जोडून सांगितले:

‘भाऊसाहेब, खालच्या भिंती काय त्या लिहा. पांढऱ्या मातीच्या आहेत, नाही कोण म्हणतो? पण वरचा मजला तेवढा धरू नका. तो तात्पुरता आहे.’

‘तात्पुरता म्हणजे केव्हापासून?’

‘सदुसष्टच्या धक्क्यानंतर दुरुस्तीला काढला, तेव्हापासून.’