विनामूल्य सल्लागारांस अनावृत पत्र

समस्त मावश्या, आत्या, काका, शेजारीपाजारी, तसेच औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे उभे राहून धन्वंतरीचा वारसा चालविणारे सद्गृहस्थ यांचे सेवेशी,



आपणांपैकी कोणी वैद्यकाची परीक्षा दिल्याचे सरकारी दप्तरी नमूद नसताना, आणि तशी सनद कोणी आपणांस बहाल केल्याचाही दाखला उपलब्ध नसताना, केवळ लोककल्याणाच्या अनावर ऊर्मीने आपण मंगल कार्यालयातील पंगतीत, इमारतीच्या जिन्यावर, हळदीकुंकवाच्या समारंभात आणि प्रसंगी कोणाच्या तेराव्याच्या जेवणातसुद्धा, समोर आलेल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या हनुवटीवर दृष्टी रोखून क्षणार्धात जे रोगनिदान करता, त्याची यथोचित दखल आजवर कोणी घेतलेली नाही. ती उणीव भरून निघावी, एवढ्याच हेतूने हे पत्र लिहीत आहे. माझ्या भाचीने मला वकीलपत्र दिलेले नाही. ती सध्या कोणाशीच फारसे बोलत नाही, आणि घरी पाहुणे यावयाचे असले की तिचा अभ्यास अकस्मात वाढतो. तेव्हा ही कैफियत मी, आपल्याच पद्धतीस अनुसरून, कोणी विचारले नसताना सादर करीत आहे.

प्रथम आपल्या न्यायदानाच्या वेगाला वंदन करतो. दिवाणी दाव्यात पिढ्या खपतात, हा आपल्या लोकांचा अनुभव, परंतु आपल्या दरबारात फिर्याद, पंचनामा, जबानी आणि फैसला हे सर्व सोपस्कार “अगं, हे काय झालं तुझ्या तोंडाला?” या एका वाक्यात उरकतात, आणि आरोपीने तोंड उघडण्याच्या आत काल खाल्लेला वडापाव, परवाचे चॉकलेट, मे महिन्यातील आंबे, शेंगदाणे, न प्यालेले पाणी, साफ न झालेले पोट आणि बिघडलेले रक्त यांपैकी एकावर वा सर्वांवर एकत्रित गुन्हा शाबीतही होतो. मुलगी निष्काळजी, खादाड आणि अस्वच्छ असल्याचे त्यातून ओघानेच सिद्ध होते. ते शब्दांत सांगण्याचा उद्धटपणा आपण करीत नाही, हे आपले सौजन्य.

आता या खटल्यातील एक किरकोळ अडचण निवेदन करतो. आज जो मुरूम आपणांस दिसला, त्याची उत्पत्ती काल झालेली नसते. तळहात व तळपाय वगळता आपल्या सबंध त्वचेत रोमकूपांना बिलगून स्निग्धग्रंथी असतात. त्या चेहरा, छाती आणि पाठीचा वरचा भाग या ठिकाणी मोठ्या आणि दाट असतात. तारुण्यात पदार्पण होताच अँड्रोजेन नावाच्या संप्रेरकांच्या आज्ञेने (ही संप्रेरके मुलींच्याही शरीरात असतात, याची नोंद घ्यावी) या ग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. त्याच सुमारास रोमकूपाच्या आतील अस्तराच्या पेशी, ज्या एरवी सुट्या होऊन बाहेर पडावयाच्या, त्या एकमेकींस चिकटून राहतात, आणि न्हाणीघराच्या मोरीत केसांचा बोळा अडकून पाणी तुंबावे तसे त्या सूक्ष्म नळीत तेल तुंबते. त्या तुंबलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू, जो आपल्या निष्कलंक गालांवरही सुखाने नांदत असतो, वाढीस लागतो. शरीराची संरक्षणव्यवस्था त्यावर चालून जाते. आणि त्या चकमकीची लाली, सूज व पू म्हणजे आपण पाहिलेला तो मुरूम. या सर्व व्यवहारास बहुधा कित्येक आठवडे लागतात. म्हणजे ज्या वडापावाला आपण रंगेहाथ पकडलेत, त्याचा बटाटा गुन्ह्याच्या वेळी कदाचित शेतातच असेल.

अस्वच्छतेच्या आरोपाविषयी दोन शब्द. नाकावरचे काळे ठिपके, ज्यांस ब्लॅकहेड म्हणतात, ते मळाचे नसतात. रोमकूपाचे तोंड उघडे राहिल्याने आतील द्रव्याचा हवेशी संयोग होतो, त्यात त्वचेतील रंजकद्रव्य मिसळलेले असते, आणि तो काळेपणा त्यांचा असतो. तो साबणाने जात नाही. उलट दिवसातून सहा वेळा साबण घासून, वर डाळीच्या जाडसर पिठाने चेहरा खरवडून काढणाऱ्या मुलीची त्वचा कोरडी पडते, चुरचुरते आणि दाह वाढतो. सौम्य साबणाने दोन वेळा तोंड धुणे पुरेसे आहे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. परंतु त्यांना फी द्यावी लागते, आपला सल्ला फुकट असतो, हा फरक मी विसरलेलो नाही.

आनुवंशिकतेचा मुद्दा काढताना मात्र माझी लेखणी किंचित अडखळते, कारण तो घरगुती आहे. ब्रिटनमध्ये जुळ्या भगिनींच्या शेकडो जोड्यांचा अभ्यास करून २००२ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे मुरुमांच्या प्रवृत्तीतील माणसामाणसांतल्या फरकापैकी सुमारे ८१ टक्के हिस्सा वारशाकडे जातो. याचा अर्थ असा की, ज्या आत्याबाई मुलीस समारंभात सर्वांदेखत खडसावतात, त्यांच्याच माहेरच्या दौलतीतील एक वाटा तिच्या गालावर खर्ची पडत असण्याचा संभव आहे. वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेबद्दल कोणी वारसालाच जाब विचारल्याचे निदान महसूल खात्यात तरी ऐकिवात नाही.

आपणांतील जे सज्जन प्रत्येक गोष्टीस प्राचीन आधार काढतात, ते “अंगात उष्णता झाली आहे” असे निदान करून सुश्रुताचार्यांना साक्षीस बोलावतात. बोलवावे, साक्षीदार थोर आहे. सुश्रुतसंहितेत या विकाराचे वर्णन क्षुद्ररोगांत येते, नाव मुखदूषिका असे येते, सावरीच्या काट्यांशी त्याचे साम्य सांगितले आहे आणि तो तरुणांना होतो हेही सांगितले आहे. परंतु कारणे देताना कफ, वात आणि रक्त यांचा निर्देश करून आचार्य थांबतात, आणि आपण ज्याच्या नावाने उष्णतेचा फैसला देता ते पित्त त्या यादीत येतच नाही. वाग्भटाने तर या पुटकुळ्यांच्या गर्भात मेद असतो, असेही नोंदविले आहे. तेल तुंबते ही गोष्ट सूक्ष्मदर्शकाशिवाय ज्यांनी ताडली, त्यांच्या नजरेस नजर भिडविण्यापूर्वी आपण निदान मूळ अध्याय एकवार वाचावा, ही विनंती.

आहाराच्या बाबतीत मात्र आपण सर्वस्वी चुकता, असे म्हणण्याचे समाधान मला लाभत नाही. १९६९ साली अमेरिकेत ६५ व्यक्तींना काही आठवडे चॉकलेट आणि काही आठवडे चॉकलेटविरहित वडी खाऊ घालून, दोहोंत मुरुमांच्या दृष्टीने फरक नाही, असे जाहीर झाले. त्या एका निकालावर पुढे कित्येक वर्षे आहाराला निर्दोष मुक्तता मिळत राहिली. पुढे टीकाकारांनी दाखविले की ती दुसरी वडीही जवळजवळ तितकीच गोड व स्निग्ध होती, म्हणजे आरोपीची ओळखपरेड त्याच्या सख्ख्या भावासह घेतली गेली होती. २००७ साली ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर बारा आठवडे प्रयोग झाला, त्यात ज्यांच्या आहारातून साखर झपाट्याने रक्तात चढविणारे पदार्थ कमी केले त्यांचे मुरूम अधिक उतरले. दूध, विशेषतः साय काढलेले, आणि व्यायामशाळांत खपणारी दुधातील प्रथिनांची पूड यांचाही संबंध अनेक पाहण्यांतून आढळला आहे. दूध व पूड यांविषयीचा पुरावा अजून संबंधाचा आहे, कारणाचा नाही. आता गंमत पाहा. संशयितांच्या या फेरयादीत तळणाच्या कढईपेक्षा साखर आणि मैदा वर आहेत, आणि ज्या मुलीला आपण वडापावाबद्दल शिक्षा ठोठावता, तिच्याच हाती “अशक्त दिसतेस” म्हणून साखर घातलेल्या दुधाचा पेलाही आपणच देता.

आपल्या औषधोपचारांपैकी सहाणेवर उगाळलेल्या जायफळाविषयी मी काही बोलणार नाही. त्याने फारसे काही होत नाही, पण वास चांगला येतो, आणि उगाळण्यात आजीचा वेळ जातो. लिंबू, खाण्याचा सोडा आणि दात घासण्याची पेस्ट यांबद्दल एवढीच दयाबुद्धी दाखविता येत नाही, कारण ती त्वचा जाळतात, आणि आपल्या सावळ्या वर्णाच्या त्वचेत प्रत्येक दाहाचा काळसर डाग मागे राहतो, तो महिनेन्महिने हटत नाही. मुरूम फोडण्याचेही तेच; त्यात खड्डा पडण्याची भर. डोक्याला चपचपून घातलेले तेल कपाळावर उतरते आणि तेथील रोमकूप बंद करते. १९७० च्या सुमारासच त्वचातज्ज्ञांनी केसांच्या तेलकट प्रसाधनांनी होणाऱ्या मुरुमांचे वर्णन केले आहे, तरी “तेल लावत नाहीस म्हणून” हा आपला ठेवणीतला निवाडा अद्याप अबाधित आहे.

“लग्न झाले की आपोआप जातात” हे सूत्र तर मी कौतुकाने ऐकतो. विशीनंतर पुष्कळांचे मुरूम ओसरतात आणि विशीनंतरच पुष्कळांची लग्ने होतात. या योगायोगाचे संपूर्ण श्रेय आपण भटजींच्या पदरात टाकता. ज्या स्त्रियांना तिशी उलटल्यावरही हनुवटीवर, जबड्यावर मुरूम येत राहतात, त्यांनी दुसरे लग्न करावे की काय, हे मात्र आपण सांगितलेले नाही. अशांपैकी जिची मासिक पाळी अनियमित असेल, वा चेहऱ्यावर लव वाढत असेल, तिने बोहल्यावर चढण्याऐवजी डॉक्टरांकडून बीजकोशांची व संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी.

येथवर थट्टा केली. गल्ल्यामागील सद्गृहस्थहो, आपल्याशी थट्टा करावीशी वाटत नाही. “चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या आहेत, काहीतरी द्या” असे म्हणणाऱ्या मुलीच्या हाती आपण जी छोटी ट्यूब ठेवता, तीत पुष्कळदा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांसारखे स्टेरॉइड असते, क्वचित रंग उजळविणारे हायड्रोक्विनोनही. पहिल्या आठवड्यात लाली नाहीशी होते, चेहरा उजळतो, आणि ती मुलगी आपली कीर्ती चार मैत्रिणींना सांगते. नंतर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्यांचे तांबडे जाळे दिसू लागते, केस वाढतात, नवे मुरूम येतात, आणि मलम थांबविताच चेहरा असा पेटतो की ती पुन्हा आपल्याच दारी येते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांना या दुर्दशेस स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असे स्वतंत्र नाव द्यावे लागले, इतकी ती प्रचलित आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. हुकूम जारी आहे, परंतु चिठ्ठी मागण्याची वहिवाट अजून गल्ल्यागल्ल्यावर पडलेली नाही. आत्याबाईंच्या बोलण्याने मुलगी रडते. आपल्या ट्यूबने तिचा चेहरा जातो.

ज्या औषधांनी खरोखर गुण येतो ती दिखाऊ नाहीत. बेन्झॉइल पेरॉक्साइड (उशीचा अभ्रा विटतो, हे आधी सांगावे), ॲडापॅलीन, ट्रेटिनॉइन ही लेपनाची; आणि तीव्र, खोल, खड्डे पाडणाऱ्या विकारासाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, ज्या अमेरिकेत १९८२ साली मान्य झाल्या आणि ज्या गर्भवतीने घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घेऊ नयेत. यांतील बहुतेकांस आठ ते बारा आठवडे मुदत द्यावी लागते, आणि आरंभी क्वचित त्रास वाढल्यासारखाही वाटतो. नेमक्या तिसऱ्या आठवड्यात आपली गाठ पडते, “काही फरक दिसत नाही हो” असा आपला शेरा पडतो, आणि मुलगी औषध टाकून देते.

म्हणून आपल्या न्यायासनापुढे अर्ज एवढाच की, खटला बारा आठवडे तहकूब ठेवावा. तोवर ती समोर आली तर तिच्या हनुवटीस वगळून अन्य कोणत्याही विषयावर बोलावे. बारावीनंतर काय करणार, हा प्रश्नसुद्धा आम्ही सोसू. आणि सल्ला दिल्यावाचून राहवतच नसेल, तर हा एक द्यावा: गाठी दुखऱ्या व खोल असतील, किंवा डाग आणि खड्डे पडू लागले असतील, तर थांबू नये. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो, आणि तेथे केसपेपर काढून डॉक्टरांना दाखविता येते.

कळावे, लोभ असावा, सल्ला नसावा.

आपला,
एका भाचीचा मामा